शटर खाली, शुगर वर

नवी पेठ ही सोलापूरची कपडे घेण्याची जागा. लग्नाचा बस्ता असो की दिवाळीचे कपडे, पाय आपसूक इकडेच वळतात. मार्च ते मे म्हणजे ऐन लग्नसराई. 2020 मध्ये नेमक्या याच काळात कोरोनाच्या साथीमुळे कापडाच्या दुकानांची शटर खाली आली. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि गजबजलेल्या पेठांमध्ये उघडी राहिली ती किराणा, दूध आणि मेडिकलची दुकाने.

मेडिकलच्या काउंटरवर त्या दिवसांत मास्क, सॅनिटायझर, व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या गोळ्यांची मागणी होती. पण रांगेत आणखी एक प्रकारचे गिऱ्हाईक असे. हातात गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि तोंडात एकच वाक्य: "हेच द्या, डॉक्टरांचा दवाखाना बंद आहे." कुणाची बीपीची गोळी, कुणाची शुगरची, कुणाची थायरॉइडची, कुणाची फिटची. साथ नवी होती, पण हे आजार जुने होते आणि टाळेबंदी लागली म्हणून ते सुट्टीवर गेले नव्हते.

नवी पेठेतल्या व्यापाऱ्याला उधारीचे गणित शिकवावे लागत नाही. उधारी वेळेवर वसूल झाली तर धंदा चालतो, थकली तर बुडीत खात्यात जाते. जुन्या आजारांचेही तसेच आहे. महिनाभर तपासणी पुढे ढकलली, पंधरा दिवस गोळी चुकवली, छातीतली कळ "गॅस असेल" म्हणून सोडून दिली, की ही उधारी थकत जाते. साथ ओसरल्यावर वसुलीला येणारा आजार व्याजासकट येतो.

साथीच्या रोगाने न झालेले मृत्यू

सोलापूर शहरात कोरोनाच्या पहिल्या रुग्णाची नोंद 12 एप्रिल 2020 रोजी पाच्छा पेठ भागात झाली. त्यानंतर एकेक भाग सील होत गेला, गल्ल्यांच्या तोंडाला बांबू आडवे लागले. जुलैमध्ये शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. याचा फटका केवळ शहराला बसला नाही. सोलापूर हे भोवतालच्या मोठ्या टापूचे उपचारांचे ठिकाण आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्यापासून धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी जिल्ह्यांतूनही रुग्ण इथे येतात. एसटी थांबली, रेल्वे थांबली, जिल्ह्याच्या सीमांवर नाके बसले आणि दर महिन्याला तपासणीला येणारा माणूस गावातच अडकला.

जे सोलापुरात घडले तेच देशभर घडत होते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशातल्या 187 रुग्णालयांची आकडेवारी तपासली. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण 2019 च्या तुलनेत सुमारे 35 टक्क्यांनी घटले होते. एवढ्या लोकांचे हृदय अचानक सुधारले असेल यावर कोण विश्वास ठेवील? झटके येतच होते. काही रुग्ण फार उशिरा पोहोचले आणि काही पोहोचलेच नाहीत.

क्षयरोगाचीही हीच कथा. भारतात 2019 मध्ये सुमारे 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, 2020 मध्ये ती सुमारे 18 लाखांवर आली. जगभरही नोंदी घटल्या आणि क्षयाने होणारे मृत्यू दशकभरानंतर प्रथमच वाढले. सोलापूरला हा आकडा अधिक बोचायला हवा. इथे हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. तंबाखूची बारीक धूळ, दाटीवाटीची घरे, कमी हवा आणि जेमतेम आहार यामुळे छातीच्या आजारांना रान मोकळे मिळते. यंत्रमागाच्या कारखान्यातला कापसाचा तंतूही फुफ्फुसाचा मित्र नाही. अशा वस्तीत साथीच्या दिवसांत खोकला लपवला गेला. कारण खोकला म्हणजे कोरोना, कोरोना म्हणजे गल्ली सील आणि गल्ली सील म्हणजे मजुरी बंद.

पश्चिम आफ्रिकेने हे आधीच अनुभवले होते. 2014 ते 2016 मधल्या एबोलाच्या साथीत 11 हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मलेरिया, क्षय आणि एचआयव्हीचे उपचार कोलमडल्यामुळे जवळपास तितकेच जादा मृत्यू झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. साथीचे खरे मोजमाप करायचे तर या दोन्ही रकान्यांची बेरीज करावी लागते.

शुगर आणि बीपी: न चुकवायचा हप्ता

साथीच्या सुरुवातीला एक अफवा फार पसरली होती. बीपीच्या काही गोळ्यांमुळे, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येते अशा गोळ्यांमुळे, कोरोना बळावतो, असे सांगितले जात होते. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 13 मार्च 2020 रोजीच स्पष्ट केले की याला पुरावा नाही, गोळ्या बंद करू नयेत. पण अफवा खुलाशापेक्षा आधी घरोघरी पोहोचली होती. यातून एक नियम कायमचा लक्षात ठेवण्यासारखा आहे: रोजची गोळी बंद करण्याचा निर्णय मोबाइलवरच्या संदेशाने घ्यायचा नाही. ज्या डॉक्टरांनी ती चालू केली, त्यांनाच किंवा त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनाच विचारायचे.

घरी बीपी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, हात छातीच्या पातळीवर टेकवलेला असावा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. घरचे माप वारंवार 135/85 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना कळवावे. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप, नजर अंधूक होणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर बाहेर टाळेबंदी आहे की नाही याचा विचार न करता रुग्णालय गाठावे.

मधुमेहाचे गणित थोडे वेगळे. ताप आला की खाणे कमी होते, म्हणून लोक आपणहून इन्सुलिन थांबवतात. शरीराचे वागणे मात्र उलटे असते. संसर्गात साखर चढते. त्यामुळे इन्सुलिन थांबवायचे नाही, साखर जास्त वेळा तपासायची आणि मात्रा डॉक्टरांना विचारून बदलायची. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मात्र तोंडाने घ्यायच्या काही गोळ्या थांबवाव्या लागू शकतात, म्हणून अशा वेळी फोन लवकर करावा. दरदरून घाम, थरथर, डोके गरगरणे ही साखर उतरल्याची खूण. मोजणी 70 च्या खाली आली तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

सोलापुरात इन्सुलिन घेणाऱ्याला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 अंशांवर जातो आणि वीजही जाते. न उघडलेली इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या खणात कधीच नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे टिकते, पण थंड जागी. फ्रिज नसेल तर आपला मातीचा माठ कामी येतो. बाटली पिशवीत घट्ट गुंडाळून माठात किंवा ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवली तर तापमान बरेच खाली राहते.

मधुमेहाकडे दुर्लक्ष केल्याची सर्वांत भयानक किंमत महाराष्ट्राने 2021 च्या मे महिन्यात पाहिली. कोरोनातून बरे झालेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी 'काळी बुरशी', होऊ लागली. ही बुरशी हवेत, मातीत नेहमीच असते, निरोगी माणसाला ती सहसा काही करत नाही. पण अनियंत्रित साखर आणि गरजेपेक्षा जास्त किंवा जास्त दिवस दिलेली स्टेरॉइड्स यांची जोडी जमली की ती नाकातून डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचते. काहींचे डोळे काढावे लागले, अनेकांचे प्राण गेले. स्टेरॉइडने गंभीर रुग्णांचे जीव वाचवले हे खरे. पण तेच औषध सौम्य आजारात, स्वतःच्या मनाने, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेतले गेले तेव्हा ते घातक ठरले. स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या गालावर सूज, नाकातून काळपट स्राव, दात हलणे, डोळा दुखणे किंवा दोन-दोन दिसणे यातले काहीही दिसले तर एक दिवसही थांबू नये.

ताप एक, कारणे अनेक

साथीत प्रत्येक ताप त्या साथीचाच वाटतो. सोलापुरात ही चूक विशेष महाग पडते. शहराला उजनी धरणाचे पाणी येते, पण नळाला ते वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड सुटत आले आहे. मग घरोघरी बॅरल, टाक्या, हंडे भरून ठेवले जातात. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवायची. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. बाकी दिवस बॅरलच्या तोंडाला जुने धोतर किंवा साडीचा तुकडा घट्ट बांधावा. चादरीच्या गावात कापडाची वानवा नाही.

तापात पॅरासिटामॉल हे सर्वांत सुरक्षित औषध, तेही मर्यादेत. धडधाकट प्रौढाने दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत एकूण 4 ग्रॅमची सीमा ओलांडू नये. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर ही सीमा आणखी खाली येते. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांतून तेच औषध दुप्पट पोटात जाऊ शकते. तापाचे कारण कळेपर्यंत अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी अंगदुखीची औषधे टाळावीत. डेंग्यू असेल तर त्यांच्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी अॅस्पिरिन चालू केलेली असेल, तर मात्र ती न विचारता सोडू नये. डेंग्यूत ताप उतरतो तोच काळ नाजूक असतो. ताप गेला म्हणून निश्चिंत होऊ नये. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

श्वसनाच्या साथीत घरातला ऑक्सिमीटर उपयोगी ठरला, पण तोही नीट वापरायला हवा. बोट गार नसावे, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नसावे, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्यावा. 95 किंवा त्याहून वर ठीक, 94 च्या खाली डॉक्टरांशी बोलणे आवश्यक. आकडा ठीक असला तरी घरातल्या घरात सहा मिनिटे चालून पुन्हा मोजावे. तीन-चार अंकांनी उतरला किंवा धाप लागली तर तो इशारा समजावा. आधीच धाप लागत असलेल्या रुग्णाला मात्र ही चालण्याची परीक्षा देऊ नये. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही ध्यानात ठेवावे. आकडा चांगला पण माणूस घाबराघुबरा, असे झाले तर माणसावर विश्वास ठेवावा.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे असे असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. विडी वळणाऱ्या बाईचा खोकला "तंबाखूचाच आहे" असे म्हणून सोडून देण्याची आपल्याकडची सवय साथीआधीचीच आहे.

काउंटरवरचा मोह

22 मार्च 2020 रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ गटाने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची शिफारस केली आणि लोकांनी ते आपल्यासाठीच आहे असे समजून विकत घेतले. चार दिवसांत सरकारला त्याच्या विक्रीवर कडक बंधने आणावी लागली. तोवर ल्युपस आणि संधिवाताच्या ज्या रुग्णांना हे औषध रोज लागते, त्यांची वणवण सुरू झाली होती. पुढे मोठ्या चाचण्यांत कोरोनावर त्याचा उपयोग दिसला नाही. अॅझिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकेही विषाणूवर चालत नाहीत. ती उगाच घेतली की गरजेच्या वेळी जंतू त्यांना दाद देत नाहीत.

घरगुती उपायांनाही मात्रा असते. वाफ घेताना उकळते पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना त्या काळात जगभर नोंदल्या गेल्या. गुळवेलाचे काढे महिनोन्महिने घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञ मिटवतील. आपल्यापुरता बोध असा की, काढा घेत असू तर तोही 'औषध' म्हणून डॉक्टरांना सांगावा.

फोनवर काय चालते, काय नाही

25 मार्च 2020 रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. पुढच्या महिन्यात ई-संजीवनी या सरकारी सेवेची मोफत ओपीडी सुरू झाली. जुन्या आजाराची चालू औषधे पुढे लिहून घेणे, रिपोर्ट दाखवणे, त्वचेचा चट्टा दाखवणे ही कामे फोनवर होतात. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे मात्र फोनवर लिहून मिळत नाहीत. फोन करण्याआधी वजन, ताप, बीपी, साखर, चालू गोळ्यांची नावे आणि अॅलर्जी कागदावर लिहून घ्यावी. रुग्ण तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असेल तर त्याचे दुखणे त्याच्याच भाषेत ऐकून सांगणारे कुणी जवळ असावे. सोलापुरात असे शेजारी शोधावे लागत नाहीत.

काही गोष्टी फोनवर आणि उद्यावर ढकलता येत नाहीत. छातीत दाबल्यासारखे दुखणे आणि घाम, चेहरा वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे, सर्पदंश, अपघात, फिट न थांबणे. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातला एक तास "आता रुग्णालयात जावे की नाही" या चर्चेत घालवू नये. उसाच्या फडात साप चावला तर मांत्रिकाकडे आणि पट्टी आवळण्यात वेळ न घालवता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात जायचे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे आणि ती साथीपुरती नाही. डायलिसिसची पाळी, कॅन्सरची केमोथेरपी, क्षयाची आणि एचआयव्हीची औषधे यांनाही साथीचे कारण लागू होत नाही.

गरोदर बाई आणि तान्हे मूल यांचीही घड्याळे थांबत नाहीत. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. गरोदर बाई आणि बाळंतिणीसाठी 102 ची गाडी आहे. डोके ठणकणे, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे यांत थांबायचे नाही. लसींचे सांगायचे तर 2020 मध्ये भारतात पहिली त्रिगुणी लससुद्धा न मिळालेल्या मुलांची संख्या 14 लाखांवरून 30 लाखांवर गेली. या थकलेल्या उधारीची वसुली गोवराने केली. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला आणि मुले दगावली. चुकलेली लस उशिरा का होईना घेता येते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

शरीरासारखीच मनाची उधारीही थकते. दुकान बंद, हप्ते चालू, घरात आजारी माणूस, झोप नाही. हे अंगावर काढण्याचे दुखणे नव्हे. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आणखी एक वही

साथीची तयारी साथ आल्यावर होत नाही. रोजच्या औषधांचा दोन-तीन आठवड्यांचा साठा घरात असावा, त्याहून जास्त नको, कारण आपल्या कपाटातला जादा साठा म्हणजे दुसऱ्याच्या घरातला तुटवडा. थर्मामीटर, बीपीचे यंत्र, ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल आणि शुगर असेल तर ग्लुकोमीटर एवढे पुरे. शेजारपाजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक ऑक्सिमीटर ठेवला तरी चालतो.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. यंदा त्या वह्यांशेजारी दहा-वीस रुपयांची एक साधी वही ठेवा. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचे नाव, आजार, चालू गोळ्या, मात्रा, अॅलर्जी, मागच्या तपासणीचे आकडे, मुलांच्या लसींच्या तारखा आणि डॉक्टरांचे फोन लिहा. दर महिन्याला ती उघडून कुणाची तपासणी थकली आहे ते पाहा आणि थकली असेल तर त्याच आठवड्यात उरकून टाका.